बिनम्हशींच्या गावाचा सर्व्हे

"चाळीस घरं, आणि एकाही घरी म्हैस नाही?" फॉर्मांचा गठ्ठा मी टेबलावर आपटला. "परशराम, तुझं गाव आहे की संन्याशांचा मठ?"

परशराम खाली मान घालून उभा. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. मी तेव्हा बेळगावच्या एका कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवायचो. दुसऱ्या लढाईचे दिवस, इंग्रजांचं राज्य. पुस्तकातली सगळी उदाहरणं लंडन न् मँचेस्टरची. पोरं ती घोकायची, पेपरात ओतायची, आणि घरी जोंधळा कुठल्या भावानं घेता विचारलं की आढ्याकडे बघायची. वैतागून मी टूम काढली, की दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकानं आपल्या गावाचा सर्व्हे करायचा. म्हणजे घरोघरी जाऊन ठरलेले प्रश्न विचारायचे. माणसं किती, जमीन किती, जनावरं किती. उत्तरं फॉर्मवर भरायची.

"लोकांनी सांगितलं ते लिहिलं, सर."

"आणि हे सतरा नंबरचं घर कुणाचं?"

"आमचंच."

"सुट्टीहून येताना डबाभर तूप आणलंस. ते काय भाताच्या पेंढीतून काढता?"

माझं डोकं असं फिरलं, की शनिवारी त्याच्याबरोबर गावीच निघालो.

गाव जांबोटीच्या पलीकडे, डोंगरात. नाव आजही सांगणार नाही, का ते पुढे कळेल. मोटार जांबोटीपर्यंत, तीसुद्धा तिच्या मर्जीनं. पुढे दोन तास पायपीट. अर्ध्या चढावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि ही सर्व्हेची अक्कल आपल्याला कुणी दिली, असं मला झालं.

घरी परशरामच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, पाय धुवायला पाणी दिलं. आईनं पेलाभर दूध आणलं. साय मिशीला लागली. समोर गोठ्यात चार म्हशी निवांत रवंथ करत होत्या.

"आप्पा, ह्या कुणाच्या?"

"आमच्याच की."

"मग कागदावर एकही कशी नाही?"

"कागदावर लिव्हायच्या व्हय, मास्तर?" आप्पा माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले. "मागं भात लिव्हून न्हेलं, आन् मग लेव्हीवालं गाड्या घिऊनच आलं. आता लष्कराला जनावरं पायजेत म्हणत्यात."

लेव्ही म्हणजे सरकार सांगेल त्या भावानं, सरकार सांगेल तेवढं धान्य घालायचं. नाही म्हणायची सोय नाही.

"अहो, पण हा कागद कॉलेजचा आहे!"

"त्येच्यावर शिक्का हाय न्हवं?"

शिक्का होता. गोल, जांभळा. फॉर्म जरा भारदस्त दिसावा म्हणून मीच हौसेनं प्रत्येकावर मारून घेतला होता. मी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी देवळात गाव जमलं. आकडेवारीचे फायदे मी अर्धा तास सांगितले. दोघं झोपले, बाकीचे तंबाखू मळत राहिले. शेवटी परशराम उठला.

"बिनशिक्क्याच्या कागदावर लिव्हतो. कॉलेजाभाईर ह्यो कागद जाणार न्हाय. गेला तर मी परत गावात पाय ठेवणार न्हाय."

"असलं वंगाळ बोलू नगं रं," त्याची आई कळवळून म्हणाली. पण गावानं ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी गोठ्यांची दारं उघडली. पाटलांच्या एकट्याच्या अकरा म्हशी निघाल्या. परशरामनं त्यावर असा निबंध लिहिला, की लंडन-मँचेस्टर विसरून मी तो दोनदा वाचला.

आठवड्यानं प्रिन्सिपॉलसाहेबांचं बोलावणं आलं.

"तुमच्या सर्व्हेबद्दल ऐकलं. छान! मामलेदारांना मी शब्द दिलाय. त्या डोंगरातल्या गावचे फॉर्म सोमवारी कचेरीत पाठवा."

"सर, ती माहिती वर्गापुरती आहे. मुलानंही गावाला शब्द दिलाय."

"अहो, पोराच्या शब्दाचं काय घेऊन बसलात? कॉलेजचं नाव होईल."

"पण सर, गावावर उद्या..."

"पण नाही न् बिण नाही. फॉर्म कॉलेजचे. त्यावर कॉलेजचा शिक्का आहे ना?"

मी बाहेर आलो. परशराम दाराशीच उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. "सर, आता मी घरी कुठल्या तोंडानं जाऊ?" मला साहेबांचा राग आला, सरकारचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. आणि मग साहेबांचं शेवटचं वाक्य डोक्यात शिरलं. त्यांना हवे होते शिक्क्याचे फॉर्म.

सोमवारी शिक्क्याचेच फॉर्म गेले. चाळीस घरं, म्हैस एकही नाही. साहेबांनी गठ्ठा सोडूनही पाहिला नाही. कचेरीतून आभाराचं पत्र आलं, ते त्यांनी चौकट करून लावलं. बिनशिक्क्याचे कागद मी परशरामच्या हातात ठेवले आणि त्यांचं काय केलंस हे कधी विचारलं नाही. नाताळात तो घरी गेला आणि येताना तुपाचा डबा घेऊन आला. ह्या खेपेला माझ्यासाठी.

ही गोष्ट इथंच मिटली असं मी समजत होतो. पण मी रिटायर व्हायच्या वर्षी एक विद्यार्थी सरकारी रिपोर्टातला उतारा दाखवायला आला. त्या भागात दुभती जनावरं का नाहीत, याची तीन पानं कारणं होती. अतिवृष्टी, निकस चारा, लोकांचा आळस.

"खरं असेल, सर? छापलंय ना!"

त्या पोराला मी एवढंच विचारलं, "माहिती घेतली त्या कागदावर शिक्का होता का रे?"