खांद्यापर्यंत काळे

सुरेखा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात एका बाईची अर्धी वेणी होती. लातूरला माझं पार्लर आहे. "नांदेडला दवाखान्यात होती, ताप मेंदूत गेला," तिचा चुलतभाऊ म्हणाला. मी ती वेणी पुरी घातली, रबर लावलं आणि मग खाली बसले. सव्वा महिना झाला... लोक म्हणतात, मन मोकळं कर. करते. पण वाचून माझ्याविषयी कुणाला बरं वाटणार नाही.

आम्ही दोघी लोह्याच्या, शाळेत एका बाकावरच्या. मी लग्न होऊन लातूरला आले. ती नांदेडला शाळेत शिकवायची, खोली करून एकटीच राहायची. दोन वर्षांपूर्वी माझ्या खुर्चीत येऊन बसली. "मंगे, केस सोनेरी करून टाक. एकदा तरी मनासारखं दिसू दे की!" मी ब्लीच लावून फॉइल गुंडाळली. पांढरे केस झाकायला ती पाकिटातली काळी मेहंदी लावत होती, तिच्यावर ब्लीच पडलं की केस तापून जळतात, आणि मी विचारलंच नाही. शिकाऊ पोरीनंसुद्धा विचारलं असतं! थोड्या वेळात फॉइलखालून वाफ यायला लागली. "भाजून राहिलंय गं!" ती ओरडली. धुतलं तर डोकं मक्याच्या कणसाच्या केसांसारखं पिवळं, आणि मूठभर केस बेसिनमध्ये. चार दिवसांनी लोह्याला तिला बघायला पाहुणे आले, चहा पिऊन गेले, परत फिरकले नाहीत. तिच्या वडिलांनी, अण्णांनी, सांगून टाकलं, "केस काळे झाल्याबिगर या घरात पाय ठेवायचा न्हाई." तिची माय आत नुसती रडत होती.

"काळा रंग लावून दे," सुरेखा म्हणाली. मीच अडवलं. आणखी काही लावलं तर उरलेले पण तुटतील, वाढू दे, काळे खांद्यापर्यंत आले की पिवळं कापून टाकू... माझं ऐकलं तिनं. धुण्याआधी खोबरेल, आठवड्यातून एकदाच शाम्पू, टॉवेलनं खसखसायचं नाही, जुन्या सुती ओढणीनं पाणी टिपायचं. ओल्या केसांना फणी नाही. वाळले की रुंद दातांचा कंगवा, गुंता खालून वर सोडवायचा. ड्रायर नाही, घट्ट रबर नाही. केस तुटायचे थांबले. मी गिऱ्हाइकांना तिचे फोटो दाखवायची, लाज नाही मला.

यंदा नागपंचमीच्या आधी ती आली. "काप ना आता. पंचमीला मायला भेटून येते. लई दिवस झाले गं." तिचे कुरळे केस मी लांबूनच पाहिले. "चार बोटं कमी हायेत. इतके आखूड घेऊन गेलीस तर अण्णा अजून बिघडतील. दिवाळीला जा."

"बरं," म्हणाली. जाताना तिचा तो रुंद दातांचा कंगवा इथंच विसरली. पंचमी झाली, आणि दहा दिवसांत ती गेली.

लोह्याला अंगणात तिला अंघोळ घातली. तिच्या काकूनं ओल्या केसांत फणी घालून खसाखसा ओढली. पिवळे केस तुटून चिखलात पडायला लागले. "ओल्या केसांना फणी नका लावू!" माझ्या तोंडून निघालं. काकूनं माझ्याकडे पाहिलं. "आता कशाला गं?" तेवढ्यात आडोशापलीकडून अण्णांचा आवाज आला, "मंगल, लोकं येऊन राहिलेत. तेवढं पिवळं काढून टाक." मी कात्री मागितली. तिनं दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते काम मी दोन मिनिटांत केलं. तिची माय पुढं आली, त्या काळ्या केसांवरून हात फिरवला. "पयल्यासारखी झाली गं माय माझी... आता ऱ्हा घरी." आडोशाच्या फटीतून अण्णा दिसले, त्या म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मला त्याची कीव आली नाही. माझीही नाही.

तो कंगवा आरशाशेजारी खिळ्याला आहे. दातांत एक लांब केस होता, मुळासकट, अर्धा काळा, अर्धा पिवळा. परवा दुकान रिकामं असताना मी तो सोडवला, मूळ माझ्या भांगाशी धरलं आणि केस सरळ ओढला. तिच्या डोक्यावर असताना तसं कधी ओढून पाहिलं नाही, तुटेल म्हणून. कुरळे म्हणून आखूड दिसत होते, तेवढंच. आरशात पाहिलं... काळा भाग खांद्याला टेकला होता.