आईचा उजवा गुडघा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला ठाऊक होतं, आणि ती आता नाही — म्हणजे उरले मी.

बातमीत आधी घटना, मग कारणं, असं मी नोकरीत शिकले. इथे मात्र मघापासून कारणंच शोधते आहे. घटना टाळते आहे — दिसतंय ना?

आई तेव्हा माझ्याकडे डोंबिवलीत, मानपाड्याला राहायची. आयुष्यभर गुडघे टेकून फरशी पुसलेली. उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी सूज आली. आतली पाण्याची पिशवी सुजली आहे, फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या. व्यायाम साधा होता. पलंगावर पाय पसरायचा, टाच हळूहळू आपल्याकडे ओढायची, दुखलं की थांबायचं. मला त्यांनी वेगळं बजावलं, "तुम्ही नुसत्या शेजारी बसा. हात लावू नका."

मी हात लावला.

तिची टाच निम्म्यावर थांबायची. मला तो आळस वाटायचा — की मला ऑफिसला उशीर होत होता? शेजारच्या खोलीत मुलगी शाळेची तयारी करत होती. "आई, सोड ना पाय. मी दुमडते," म्हणाले आणि घोटा धरून पाय रेटला. "अगं, थांब!" आई ओरडली. मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि त्यानंतर आणखी रेटला.

दुसऱ्या दिवशी गुडघा लाल, गरम. बाईंनी विचारलं, काय झालं? बाथरूममध्ये घसरली, मी म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना म्हणाली, "हो, माझंच लक्ष नव्हतं."

त्यानंतर दारात माझी किल्ली वाजली की ती घाईघाईने पलंगावर पाय पसरायची. "करते गं, करतेच आहे." माझी आई — मला घाबरत होती. जमिनीवर मांडी घालून ती पुन्हा कधी बसू शकली नाही.

आता माझा गुडघा सुजला आहे. तोच व्यायाम. माझीही टाच निम्म्यावर अडते.

काल सकाळी मुलगी ऑफिसला निघता निघता पलंगापाशी थांबली. पर्स खांद्यावर, नजर घड्याळाकडे. "आई, सोड ना पाय. मी दुमडते."

हे शब्द तिला कुठून मिळाले? तिचा हात घोट्याकडे आला. मी पाय मागे ओढायला गेले — तो दुमडेना.

"करते गं," मी म्हणाले. "करतेच आहे."