मेडनहेडमधलं जर्मन बेट

नागपूरहून निघताना माझ्याकडे दोन बॅगा होत्या. एकीत सांडगे, लोणचं आणि माझ्या साड्या, दुसरी रिकामी. लेकीचे आणि नातीचे कपडे तिच्यात भरायचे आणि दोघींना घेऊनच परतायचं, असं मनाशी ठरवून मी विमानात बसले.

मुग्धा माझी एकुलती एक. लग्न करून इंग्लंडला गेली. जावई, सलील, कॉम्प्युटरवाला, नोकरी बेसिंगस्टोकला. गेल्या हिवाळ्यात त्याने तिकडेच वेगळं घर घेतलं. भांडण नाही, मारझोड नाही. "आई, आमचं जमत नाही गं," एवढंच मुग्धा फोनवर म्हणाली. मग तिथे राहायचं तरी कुणासाठी? चल की घरी!

विमानतळावर नात, रेवा, धावत आली. "आजी, तू आला!" तिच्या मराठीत सगळे पुरुषच. मुग्धा मात्र पार वाळली होती.

"जेवतेस की नाही?"

"जेवते नं, आई. चल, पार्किंगची वेळ संपतेय."

मेडनहेड थेम्सकाठचं टुमदार गाव. नदी, हंस, विटांचा जुना पूल. सकाळी सगळं गाव ट्रेनने कामाला जातं आणि उरलेला दिवस रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मुग्धा खोलीचं दार लावून लॅपटॉपवर मीटिंगा करायची, मी खिडकीत बसून पाऊस बघायची. असल्या पावसाला पाऊस तरी काय म्हणायचं! नुसती पिरपिर.

शनिवारी लंडनमधल्या वेम्बलीला नेलं तिने. ईलिंग रोडवर जीव जरा थाऱ्यावर आला. मेथीच्या जुड्या, कढीपत्ता, गरम जिलेबी, साडीवर कोट चढवलेल्या गुजराती बायका. दुकानातून निघताना रेवा म्हणाली, "बाय, जातो!"

"जाते म्हणू नये बाळा. येते म्हणायचं."

"पण आपण तर गोइंग ना?"

"तरीही येते."

तिला हे भलतंच आवडलं. ट्रेनमध्ये प्रत्येक उतरणाऱ्या माणसाला ती "येतो, येतो" म्हणत होती. मुग्धा हसत होती.

रविवारी सलील रेवाला दिवसभरासाठी न्यायला आला. वाकून नमस्कार केला. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "मी दोघींना घेऊन चाललेय."

"मुग्धाला न्या, आई. रेवाला नाही पाठवणार मी. तिच्याशिवाय मला कोण आहे इथे?" आणि त्याचे डोळे भरून आले. आता अशा माणसाला शिव्या तरी कशा घालायच्या! इकडच्या कायद्याने बापाची संमती नसेल तर मूल देशाबाहेर नेता येत नाही, हे मुग्धाने तो गेल्यावर सांगितलं.

"मग तू काय ठरवलंस?"

"बघते, आई."

रेवा गेली आणि घर खायला उठलं. मग आम्ही मायलेकी चालत गावातल्या हॉलवर गेलो. तिथे महिन्यातून एकदा दुपारी जुने सिनेमे दाखवतात. त्या दिवशी जर्मन होता, कृष्णधवल. थंड मुलखातली एक बाई जहाजाने उष्ण बेटावर जाते, तिथल्या जमीनदारावर भाळते आणि परतीचं जहाज सोडून देते. मग लग्न, मूल आणि पंख्याखाली बसून रडणं. शेजारच्या गोऱ्या आजी मला बिस्कीट देत कुजबुजल्या, "नीट बघा, माडाची झाडं कुंडीतली आहेत." खरंच की! अख्खं बेट खोटं होतं. आल्यापासून मी पहिल्यांदा मनापासून हसले.

खालची इंग्रजी अक्षरं भराभर पळत, म्हणून मुग्धा कानाशी मराठीत सांगत होती. बाईच्या गावचा कप्तान तिला न्यायला येतो. "तो म्हणतोय, उद्या जहाज सुटतंय, चल." बाई मच्छरदाणीत झोपलेल्या मुलाकडे बघते, काहीतरी पुटपुटते.

"ती म्हणतेय, मला नाही येता येणार. लेकराला सोडून कशी येऊ? तू आता माझी वाट बघू नकोस, आई."

आई? सिनेमात आई कुठून आली? पडद्यावर एकच शब्द होता: टुमारो, उद्या. तेवढं इंग्रजी मला येतं. मी अंधारात तिचा हात धरला. गार पडला होता.

सिनेमात मात्र ऐन वेळी नवऱ्याला उपरती झाली. त्याने स्वतः मुलाला उचलून जहाजावर आणून सोडलं. हॉलमधल्या सगळ्या म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. मला त्या नवऱ्याचा इतका राग आला! पडद्यावर सुचतं मेल्यांना.

निघायच्या आदल्या दिवशी मुग्धाने रिकामी बॅग भरली. तिच्या लग्नातल्या पैठण्या, शालू, रेवाची परकर-पोलकी.

"घरी ठेव, आई. इथे नेसणं होत नाही."

बॅग भरली ती अशी. मी कुलूप लावलं. हरले मी.

विमानतळावर रेवाने माझ्या कमरेला मिठी मारली आणि शिकवलेला शब्द ऐटीत म्हणाली, "आजी, मी येतो!" मुग्धाने तोंड फिरवलं. मी काही दुरुस्त केलं नाही, "येतो नाही, येते म्हण" असंसुद्धा म्हटलं नाही.

प्रवास कसा झाला, असं इथे नागपुरात सगळे विचारतात. छान झाला, सांगते. बॅग पलंगाखाली आहे, अजून उघडलेली नाही. फोन ठेवताना रेवा रोज ओरडते, "आजी, येतो हं!" तिला तो नुसता बाय म्हणायचा शब्द वाटतो. "ये गं बाई, ये," मी म्हणते. पलीकडे मुग्धा ऐकत असते.