मामींचा निळा घोडा

आमच्या अकोल्याच्या मामींनी उभ्या जन्मात एकच सिनेमा पाहिला, तोही पुरता नाही. आणि तरी सांगते, त्या सिनेम्याची जेवढी सेवा मामींनी केली तेवढी तो काढणाऱ्यांनीही केली नसेल. जुन्या शहरात त्यांचं घर, मामा वकील, आणि घरात जिकडे पाहाल तिकडे डोळे. चुलीमागं डोळे, तुळशीच्या ओट्यावर डोळे, गव्हाच्या कोठीवरसुद्धा. मोठाले, लांब पापण्यांचे, आणि प्रत्येक बुबुळात दोन पांढरे ठिपके. ते ठिपके नसले तर चित्राला जीव नाही, असं मामींचं पक्कं मत.

झालं होतं ते असं. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, मी शाळकरी पोर. मामा-मामी एका मुंजीसाठी आमच्याकडे अमरावतीला, राजापेठेत आले होते. टॉकीजला परदेशातला चित्रांचा सिनेमा लागला होता. त्यात माणसं नाहीतच, हातानं काढलेली चित्रंच चालतात, बोलतात, रडतात. आई, मामी आणि मी गेलो. भाषा आम्हा तिघींतल्या एकीलाही कळत नव्हती, पण त्यात न कळण्यासारखं काय होतं? एक मुलगी निळ्या घोड्यावर बसून बर्फाच्या डोंगराकडे निघालेली, आणि डोंगरापलीकडे तिचा भाऊ दगड होऊन पडलेला. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध घोडा आला, खालचं बर्फ कडकन तडकलं, आणि नेमके तेव्हाच अंधारात आमच्या रांगेपाशी मामा उभे. अकोल्याची शेवटची मोटार सुटत होती आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख होती. मामी उठल्या. पण दारापर्यंत पडद्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत गेल्या, लोकांच्या शिव्या खात.

घरी पोहोचल्या आणि काढायला लागल्या. हात तोवर रांगोळीपुरताच चाललेला. डोळे मिटून पडदा आठवायचा, उघडून एक रेघ काढायची, पुन्हा मिटायचे. तांबडा रंग गेरूचा, पांढरा चुन्याचा, काळा तव्याच्या काजळीचा, आणि घोड्यासाठी कपड्यांची नीळ. घरातली सगळी नीळ घोड्याच्या अंगी लागायची, त्यामुळे अख्ख्या कोर्टात सर्वांत पिवळा सदरा आमच्या मामांचा. रेषा मात्र अगदी सिनेम्यातल्यासारखी गुबगुबीत, कुठे कोपरा म्हणून नाही. चित्र पुरं झालं की खाली कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट टेकवायच्या. ही तुमची सही का, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "ज्यानं पयल्यांदा काढलं ना, त्याले आहे ते. कुठचा माणूस कोण जाणे. इतके डोये काढून हात भरून आला असन बिचाऱ्याचा."

नागपंचमीला दाराशी नाग काढला, त्यालाही पापण्या. भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या माळीणबाई बघतच राहिल्या. "काहून वो वकिलीणबाई, नागोबाले पापण्या असतेत का?" मामी म्हणाल्या, "तुमी त्याच्याकडं पाहून राहिल्या न? मंग त्याले बी पाहू द्या तुमच्याकडं." याच बाईंच्या एका कोहळ्यावर मामींनी सहज कोळशानं दोन डोळे काढले. आमच्याकडे कोहळ्याला पहिली चीर पुरुषानं द्यायची रीत, म्हणून मामा विळीवर बसले. खुनाच्या खटल्यात साक्षीदाराला घाम फोडणारा माणूस! पण त्या कोहळ्यानं असं काही पाहिलं की मामा मुकाट्यानं उठले आणि म्हणाले, "आज पिठलंच कर."

हे सगळं खरं, पण मामींचा जीव अडकला होता तो त्या तळ्यात. नागपूरहून कुणी येवो, मुंबईहून येवो, पाणी हातात देतादेताच विचारायच्या, "पार झाला का जी तो घोडा?" तो सिनेमा कुणीच पाहिलेला नसायचा. शेवटी त्यांनी तोड काढली ती भुलाबाईत, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्यात. दसऱ्याच्या सुट्टीत मी अकोल्यालाच असायची, आणि आम्ही पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरायचो. गाणी संपली की खिरापत ओळखायची. घरची बाई झाकलेला डबा नुसता वाजवून दाखवते, पोरींनी गोड की तिखट, ओलं की कोरडं विचारत जायचं, आणि ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. मामींच्या घरी खिरापतीच्या आधी घोड्याचं काय झालं ते ओळखावं लागे. पोरींनी सांगितलेल्यातला मनाला येईल तो शेवट मामी भुलाबाईच्या मातीच्या मूर्तीमागच्या भिंतीवर काढत. एका वर्षी माशांनी खालून बर्फ तोलून धरलं. एका वर्षी बार्शीटाकळीचे गाडीवान दोर घेऊन धावले, पागोटीवाले, आणि सगळ्यांच्या पापण्या ह्या एवढाल्या.

पुढे माझं लग्न झालं, नागपूरला आले, आणि काही वर्षांनी तोच सिनेमा तिथे पुन्हा लागला. मी शेवटपर्यंत पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी अकोला गाठलं. मामी कणीक मळत होत्या. मामी, मी शेवट पाहून आले, म्हटल्यावर हात थांबले. तशाच माखल्या हातांनी समोर येऊन बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "गोड का तिखट?"

"गोड," मी म्हटलं.

"ओलं का कोरडं?"

"ओलं."

मी पुढचं सांगणार, तेवढ्यात त्यांनी आपला कणकेचा हात माझ्या तोंडावर ठेवला. "राहू दे माय. झाकण उघडलं का पोरी घरी जातेत."

मोटारीवर पोचवायला मामा आले. मोटार लागल्यावर पिशवी माझ्या हाती देताना म्हणाले, "तेव्हा किती उरला होता गं सिनेमा?"

"दहाएक मिनिटं असेल, मामा."

घोड्याचं त्यांनी विचारलंच नाही.

ती दोघंही आता नाहीत, आणि त्या भिंतीवर चुन्याचे किती हात चढले देव जाणे. घोड्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे, पण ते सांगावंसं वाटेल असं कुणी विचारत नाही. मला आठवतं ते मामांनी मला मोटारीवर पोचवलं त्याच वर्षीच्या भुलाबाईचं चित्र, दसऱ्याला गेले तेव्हा पाहिलेलं. तळ्याच्या मधोमध निळा घोडा, खाली तडकलेलं बर्फ, आणि काठावर काळ्या कोटातला एक माणूस, लांब पापण्यांचा, डोळ्यांत दोन दोन पांढरे ठिपके. हा शेवट कुणा पोरीनं सांगितला, मी विचारलं. मामी नीळ खलता खलता म्हणाल्या, "पोरीनं नाही. यंदा वकीलसाहेबानं सांगतला."

त्या माणसाच्या मागं अकोल्याची मोटार काढलेली होती. दार उघडं, आत सगळी माणसं बसलेली, आणि सगळी तळ्याकडे पाहत थांबलेली.