रोमानियन कागद गावकीपुढे

आमच्या डोंगरात बॉक्साइट आहे, आणि त्याच डोंगरातून आमचं पिण्याचं पाणी येतं. कंपनीचा माणूस सांगून गेला, "रोमानियात असाच डोंगर खोदलाय आम्ही. झरे शाबूत आहेत." त्या खाणीचा पाण्याचा अहवाल मी इंटरनेटवरून काढला. सगळा रोमानियन! ती खाण पाहिलेला एक निवृत्त हंगेरियन भूगर्भतज्ज्ञ फुकट मत द्यायला तयार झाला. पण त्याला रोमानियन येत नाही, आणि फोननं केलेल्या भाषांतरावर तो सही करणार नाही.

खाणीविरुद्धचं पत्रक म्हटलं तर मी बसल्या बैठकीत लिहिते. इथे मात्र बोर्लीच्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर रेंज धरून, रोमानियनचं हंगेरियन करणारा शोधत होते. तोही खनिजांतला जाणकार. एक बाई फक्त औषधांची माहितीपत्रकं करायची. एकाला खाणकामाची भाषा उत्तम यायची. त्यानं कळवलं, "माझी सगळी कामं खाण कंपन्यांकडूनच येतात. माफ करा." बाकीच्यांचंही तेच. ज्याला खाणीची भाषा येते त्याची चूल खाणीवरच पेटते. मग पाणी पिणाऱ्यानं जायचं कुठे?

तेवढ्यात गावकीची सभा लागली. खाणीला संमती द्यायची का, एवढाच विषय. आमच्याकडे रिवाज असा, की कागद आणणाऱ्यानंच तो मोठ्यानं वाचायचा, आणि सगळ्यांना कळेपर्यंत ठराव करायचा नाही. कंपनीचा कागद मराठीत, गोडगोड. खाणीवर ट्रक लावायला टपलेल्या माझ्या काकानं तो आणला होता, त्यानंच वाचला. मी तो रोमानियन अहवाल तसाच घेऊन गेले होते. मग गावकीचे म्हातारे अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"पोरी, तुझा वाच."

"कोणाला कळणार न्हाय, आजोबा."

"तुला तरी कळतंय काय?"

"न्हाय."

सभा खो खो हसली. काका म्हणाला, "मग आणलास कशाला, वडे बांधायला?"

डोकंच फिरलं. अक्षरं इंग्रजीसारखीच, म्हणून जमेल तसं वाचत सुटले, पानामागून पान. आधी हसणं थांबलं, मग जांभया सुरू झाल्या.

"बास गं बाई," मागून काकी ओरडली, "आता परसाद वाट!"

मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"कळला कोणाला?" अध्यक्षांनी विचारलं. काकासकट सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. "मंग ठराव न्हाय. कळंल तवा बसू."

"आनि कळंल कवा?" काका माझ्यावरच खेकसला.

मला तरी कुठे ठाऊक होतं? सकाळी पुन्हा बोर्ली गाठली, भाषांतरकारांना पुन्हा तीच विनंती लिहायला घेतली. फक्त या वेळी कामाचं वर्णन खाली ढकललं आणि आमचं पाणी कुठून येतं ते आधी लिहिलं.