पान चारवरच्या हार्मोनियमवाल्या बाई

शंका घेणं हा माझा जुना आजार आहे. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही दोघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, तेव्हा दुधाच्या कॅनवर मी मार्करने रेघ मारून ठेवत असे. माझी रूममेट नागपूरची, स्वभावाने मोकळी. तिने एकदा ती रेघ पाहिली आणि खाली बारीक अक्षरात ‘आजपण मीच प्यायले’ असं लिहून ठेवलं. मी हसले. पण मार्कर काही टाकून दिला नाही.

आमच्या विद्यापीठात भारतीय संगीत ऐकणाऱ्या-शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक छोटा गट होता. त्या वर्षी गटाने दर दोन महिन्यांनी इंग्रजीत एक मासिक काढायचं ठरवलं. दोन महिन्यांनी निघणाऱ्याला मासिक का म्हणायचं, असं मी विचारलं तेव्हा सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. रूममेट संपादक झाली आणि मांडणी माझ्या गळ्यात पडली. मी पीएचडी करत होते सर्किट्सवर. मासिक कसं मांडतात यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून पुस्तकांच्या दुकानातून संगीताचं एक खरंखुरं मासिक आणलं आणि पट्टी घेऊन बसले. समास किती, रकाने किती, मुखपृष्ठावर नाव किती मोठं, लेखातलं एखादं वाक्य उचलून मोठ्या अक्षरात मधोमध कसं टाकतात, सगळं मोजलं. त्यांच्याकडे जिथे जे होतं तिथे आमच्याकडे ते ठेवायचं, असा साधा हिशेब.

त्यांच्याकडे पान चारवर वाचकांची पत्रं होती. आमचा पहिलाच अंक, पत्रं कुठून येणार? रूममेट म्हणाली, “त्या पानावर फोटो टाक ना यार.” पण मला ते पान हवं होतं. पत्रांशिवाय अंक कॉलेजच्या प्रोजेक्टसारखा दिसत होता. शेवटी तीन पत्रं मीच लिहिली. पहिल्यात एका मुलाने तानपुऱ्याचं कुठलं अ‍ॅप चांगलं ते विचारलं होतं. दुसऱ्यात आमच्या जाहिरातीच्या पत्रकावरची अक्षरं फार बारीक आहेत अशी तक्रार होती, कारण सगळीच स्तुती असली की मलाच शंका येते. तिसरं पत्र गावातल्या एका वयस्कर बाईंचं. लहानपणी सांगलीला हार्मोनियम शिकल्या, लग्नानंतर सुटलं. इथे मुलीकडे येताना पेटी सोबत आणली, पण साथीला कोणी नाही म्हणून ती कपाटातच आहे. कोणाकडे तबला असेल तर कळवावं. हे पत्र लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माझी मावशी होती. तिची पेटी अजून सांगलीला कपाटावर आहे.

यात धोका होता आणि तो मला माहीत होता. आमच्या सल्लागार प्राध्यापिका संगीत विभागातल्या, अमेरिकन, अत्यंत काटेकोर. पूर्वी विद्यार्थ्यांचं एक मासिक बनावट मुलाखत छापल्याने बंद करावं लागलं होतं. म्हणून प्रत्येक अंकाआधी त्या आमच्याकडून एका कागदावर सही घेत: यातली सगळी माणसं खरी आहेत. मी सही केली. पकडले गेले असते तर माझं नाव गेलंच असतं, शिवाय मासिक बंद पडलं असतं, आणि रूममेटने त्या मासिकासाठी अख्खा उन्हाळा घातला होता. तिला मी काहीच सांगितलं नाही. पत्रं ईमेलवर आली म्हणाले. तिने ती वाचली, हसली आणि “छान आहेत” म्हणाली. ते हसणं मला आवडलं नाही.

अंक सप्टेंबरमध्ये निघाला. थोड्या प्रती गावातल्या एकुलत्या एक इंडियन दुकानात ठेवल्या. तीन आठवड्यांनी अंकावर छापलेल्या पत्त्यावर, आमच्या टपालपेटीत, एक पाकीट आलं, तिकीट न लावलेलं. आत पिवळ्या रेघांच्या कागदावर मराठीत पत्र होतं.

“पान चारवरच्या बाईंना कळवावे की माझ्याकडे तबला आहे. मी मुलाकडे आलो आहे. दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता गावातल्या लायब्ररीबाहेरच्या बाकावर बसेन.”

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाल कसली, मगरच होती. आमच्या गटात मराठी वाचता-लिहिता येणाऱ्या आम्ही दोघीच. पिवळ्या रेघांचं पॅड रूममेटच्या टेबलावर कायम पडलेलं असायचं. तिकीट नाही, म्हणजे कोणीतरी हाताने आणून टाकलेलं. तिला सगळं कळलंय आणि ती मला खेळवतेय, याबद्दल माझी खात्री झाली. पत्र मी ड्रॉवरमध्ये तळाशी ठेवलं आणि लायब्ररीकडे फिरकले नाही. घरात बसून तिच्यावर लक्ष ठेवलं.

गुरुवारी साडेदहाला ती बॅग घेऊन निघाली.

“कुठे?” मी विचारलं.

“काम आहे गं एक.”

“कसलं?”

“आहे यार, सांगते नंतर.” तिने सांगितलं नाही. परत आली तेव्हा चेहरा पडलेला होता. सापळा रचला आणि शिकार आलीच नाही, म्हणून पडलाय, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्या आठवड्यात दुसरं पत्र आलं. “मी बसलो होतो. बाई आल्या नाहीत. अनोळखी माणसाबद्दल संशय वाटणे साहजिक आहे. त्यांनी सोबत कोणालातरी आणावे.” संशय हा शब्द वाचून मला मिरच्या झोंबल्या. हा सरळ मला मारलेला टोमणा होता. त्या गुरुवारीही ती साडेदहाला गेली आणि त्याच्या पुढच्या गुरुवारीही. मी तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. ती विचारायची, “काय झालंय तुला?” मी म्हणायचे, “कुठे काय!” आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते.

मग तिसरं पत्र आलं. “बाईंची प्रकृती ठीक आहे ना? येता गुरुवार माझा शेवटचा. शनिवारी भारतात परत जात आहे.” आता घाई करून मला बाहेर काढायचा डाव, असं मला वाटलं. ठीक आहे म्हटलं. जाते आणि रंगेहाथ पकडते.

गुरुवारी मी तिच्या आधीच घरातून निघाले आणि लायब्ररीत काचेजवळ मासिकांच्या कपाटामागे उभी राहिले. बाहेर थंडी पडली होती. अकराला पाच कमी असताना बसमधून एक गृहस्थ उतरले. सत्तरीचे असतील. विद्यापीठाचं नाव असलेला, मुलाचा असावा असा ढगळ निळा स्वेटशर्ट आणि दोन्ही हातांनी धरलेली एक जड बॅग. बोलिंग अ‍ॅलीतला जड चेंडू न्यायची असते ना, तसली. ते बाकावर बसले, बॅग शेजारी ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघू लागले.

तरीही माझी शंका जाईना. कोणाच्या तरी वडलांना रूममेटने पटवून बसवलं असेल. पंचवीस मिनिटं मी ती इकडून येते की तिकडून, एवढंच पाहत राहिले. ती आली नाही. काका उठले नाहीत. शेवटी मी बाहेर गेले. नमस्कार नाही, चौकशी नाही, माझं पहिलं वाक्य होतं: “काका, तुम्हाला इथे कोणी पाठवलं?”

“कोण पाठवणार?” ते म्हणाले. “मुलगा-सून कामावर. मी आपला बसने येतो. तू बाईंकडून आलीस का?”

“बॅगेत काय आहे?”

त्यांनी राग न मानता चेन उघडली. टॉवेलात गुंडाळलेला तबला, खाली डग्गा, कडेला छोटी हातोडी. “बघ,” म्हणाले. “विमानाच्या वजनात बसावं म्हणून कपडे कमी केले माझे, पण हे आणलं.”

मी बाकावर बसले. मग सगळं सांगितलं. ते पत्र मी लिहिलं. बाई नाहीत.

“नाहीतच?”

“नाहीत, काका.”

“पेटीपण नाही?”

“पेटी आहे. सांगलीला, माझ्या मावशीकडे. आता ती वाजवत नाही.”

त्यांनी टॉवेल तबल्यावर पुन्हा नीट गुंडाळला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. “पत्र चांगलं लिहिलं होतंस,” ते म्हणाले. “मी चार वेळा वाचलं.” मग जरा माझ्याकडे झुकून, आवाज उतरवून बोलले, “एक कर. हे छापू बिपू नकोस. मी घरी सांगितलंय, बाई येतात म्हणून. दर गुरुवारी. रियाज छान चाललाय म्हणून. मुलगा दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बसून बोलला गं. आज काय वाजवलंत, बाई कशा वाजवतात, सगळं विचारतो. दुकानातून तुमचा अंक आणून ठेवलाय त्याने.”

त्यांनी तबला मांडीवर घेतला. “टाळी धरता येते?”

“तीनताल येतो.”

“मग धर. एक दिवस तरी खरं होऊ दे.”

मी टाळी धरली, ते बोटांनीच हळू वाजवत राहिले. लायब्ररीतून बाहेर येणारी माणसं जरा थांबत आणि पुढे जात. बाराची बस आली तेव्हा मी बॅग उचलून वर दिली. ती खूपच जड होती.

संध्याकाळी रूममेटला सगळं सांगितलं. पत्रं दाखवली आणि तिच्यावर चार आठवडे पाळत ठेवली होती हेही सांगून टाकलं. “मी गुरुवारी ड्रायव्हिंग शिकायला जात होते,” ती म्हणाली. “दोनदा टेस्ट फेल झाले. तू हसशील म्हणून सांगितलं नाही. आणि पेटीचं पत्र तुझं आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मावशीची पेटी तूच मला सांगितली होतीस ना? मी तुला एका शब्दाने विचारलं का?” मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. दुधावर मारलेली माझी रेघ तिने टिशूने पुसून टाकली.

तिसऱ्या दिवशी मी सल्लागार बाईंकडे जायला निघाले. संपादक म्हणून तिलाही यावं लागलं. खऱ्या मासिकात चूकदुरुस्ती कुठे असते ते मी पट्टीने मोजून ठेवलं होतं: पान चारच्या तळाशी, चौकटीत. तिथला मजकूर मी लिहून नेला होता. ‘मागील अंकातील पहिली दोन पत्रे आमच्या मांडणीकाराने स्वतः लिहिली होती. वाचकांची क्षमा मागतो.’

बाईंनी तो दोनदा वाचला. मासिक बंद करणार नाही, पण माझं नाव वर्षभर अंकात येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी मान हलवली. मग त्यांनी चष्मा काढला.

“आणि तिसरं? हार्मोनियमवाल्या बाईंचं?”

“ते खरं आहे,” मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कॅनवरच्या रेघेकडे मी कशी बघायचे, अगदी तसंच. डोळे बारीक करून, दूध किती कमी झालंय ते मोजत. मग त्या रूममेटकडे वळल्या. “तू यांना भेटली आहेस?”

मी खाली बघितलं. तिच्याशी मी जे वागले होते त्याची परतफेड करायला याहून चांगली वेळ तिला मिळणार नव्हती. ती खरं बोलली असती तरी मला तोंड वर करून काही म्हणता आलं नसतं.

“हो,” ती म्हणाली. “दर गुरुवारी अकरा वाजता, लायब्ररीबाहेरच्या बाकावर. एक काका तबला घेऊन येतात साथीला. मी पाहिलंय दोघांना.”