शब्बाथ, विंचू आणि खाज

मी ज्यू आहे. हे सांगितलं की अमरावतीत पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हंजे ख्रिश्चन नं?" नाही हो! आमचं मूळ कोकणातलं, बाबांच्या बँकेच्या नोकरीमुळे इकडं आलो. त्यामुळे आमच्या घरात प्रार्थना हिब्रूत आणि भांडणं वऱ्हाडीत.

तर झालं असं, डॉक्टर झाले आणि दोन नोकऱ्या चालून आल्या. एक अमरावतीतच, स्किन क्लिनिकमध्ये. एसी, शनिवार-रविवार सुट्टी. दुसरी अकोल्याच्या पुढं, बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात. तिथं बाजार शनिवारी, म्हणून पेशंटही शनिवारीच. आणि शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ! काम बंद, लिहिणं बंद, गाडी बंद. मला तर आनंदच झाला. धर्मच म्हणतोय एसीत बस, तर मी कोण नाही म्हणणारी?

आईला म्हटलं, "माह्या धर्मात बसत नाई ते खेडं."

"कालपर्यंत तुले शब्बाथचा शुक्रवारचा दिवा कोठी ठेवला ते ठाऊक नोतं!"

मग पक्का शिक्का हवा म्हणून अलिबागच्या मामांना फोन लावला. शास्त्र जाणणारे आमच्यात तेच. लावतेय, लावतेय, उचलतच नाहीत. मग ट्यूब पेटली. शनिवार होता! शनिवारी काम करावं का, हे विचारायला मी शनिवारी फोन करत होते.

अंधार पडून शब्बाथ संपल्यावर मामांचाच फोन आला. घाबरलेले. "शनिवारी इतके फोन? कोण गेलं?"

"कुणी नाही मामा, नोकरीचं विचारायचं होतं." सगळं सांगितलं.

"क्लिनिकमध्ये तू नसलीस तर?"

"त्या गल्लीत डॉक्टरच डॉक्टर आहेत."

"आणि खेड्यात?"

"शनिवारी... कोणीच नाही. थेट अकोल्याला न्यावं लागतं."

"आपले लोक कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे. तेल रविवारी मिळतं गं, जीव मिळतो का? जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच, हाही हुकूमच आहे. खाज-खरूज असेल तर म्हण, उद्या या."

गेला माझा एसी.

पहिल्याच शनिवारी विंचू चावलेला माणूस आला. धावपळ, इंजेक्शन, सलाईन, सगळं शास्त्राला धरून. वाचला! त्याच्यामागं एक काकू, हाताला खाज. मी रुबाबात म्हटलं, "काकू, शनिवारी आमी साधं काम करत नाई. उद्या येता का?"

"पाळ नं बाई. मी बी शनवारी तेल घरात आणत नाई. पन खाजीले कोन सांगन, आज शनवार आहे म्हून?"

रांग खो खो हसली. शेवटी मी नुसतं पाहिलं, औषध तोंडी सांगितलं, सिस्टरनं लिहिलं. मागच्यालाही खाज. त्याच्या मागच्यालाही. स्किन क्लिनिकच निघालं की ते! पंखा तेवढा एक होता, तोही सिस्टरकडं वळवलेला.